जुनी गाडी कारखान्यातून निघाली तशी उभी करायची तर : नागपुरातल्या नव्या शौकिनांसाठी

जुनी अँबेसेडर, फियाट किंवा स्टँडर्ड हेराल्ड दारात आली की बहुतेकांचा पहिला फोन पेंटरला जातो, दुसरा कुशनवाल्याला. महिना-दोन महिन्यांत गाडी चकचकीत होते. तेवढ्यात तिच्यातलं जे पुन्हा कुठेच मिळणार नाही ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलेलं असतं: मूळ हॉर्नचं बटण, डॅशबोर्डवरचे स्विच, कापडी वेष्टणाच्या वायरी, कंपनीची पत्र्याची पट्टी, मूळ रंगाचा शेवटचा थर. पेंटरचा फोन सगळ्यात शेवटी करायचा असतो.

या नादाला नव्याने लागणाऱ्यांना माझं सांगणं एकच आहे. काम पूर्ण होईपर्यंत गाडीतून निघालेली एकही वस्तू टाकायची नाही, आणि जे दुरुस्त होतं ते बदलायचं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच आग्रहातून आल्या आहेत.

गाडी निवडताना

पहिल्या गाडीसाठी माझं मत स्पष्ट आहे: फियाट ११०० घराण्यातली गाडी किंवा अँबेसेडर. १९५० च्या दशकातली गोल पाठीची, जिला आपल्याकडे सगळे 'डुक्कर फियाट' म्हणतात, तिच्यापासून १९६४ ची डिलाइट आणि पुढची प्रीमियर पद्मिनी हे एकच घराणं. मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेलं, इंजिन १०८९ सीसी. अँबेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज तीन; कोलकात्याजवळ उत्तरपाड्यात ती २०१४ पर्यंत बनत होती. या दोन्ही गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री नागपुरात अजून आहेत, आणि सुटे भागही मिळतात. मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड फार देखणी. पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलतं, त्यामुळे इंजिनावर काम करायला सुख. पण तिचे भाग शोधायला चिकाटी लागते. ती दुसरी गाडी म्हणून घ्या.

सुट्या भागांच्या बाबतीत नागपूरकर नशीबवान आहेत. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग आपल्या स्टेशनात एकमेकांना छेदतात. अँबेसेडरचे भाग कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून, फियाटचे कुर्ल्याच्या भंगार बाजारातून, हेराल्डचे चेन्नईहून पार्सलने थेट घरापर्यंत येतात. मुंबईत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सींचे भाग अजून बाजारात फिरताहेत, पण हा साठा आता फक्त कमी होत जाणार. फियाट घ्यायची असेल तर दाराचे हँडल, काचेच्या पट्ट्या, मागचे दिवे या वस्तू दिसतील तेव्हा घेऊन ठेवा, लगेच लागत नसल्या तरी.

दुसरी जमेची बाजू हवा. समुद्रकाठच्या गाडीचा पत्रा खारट दमट वाऱ्याने आतून पोखरला जातो. विदर्भात वर्षातले आठ महिने कोरडे, म्हणून इथेच वाढलेली गाडी पत्र्याने बहुधा बरी निघते. रबर, रेक्झिन आणि पेट्रोलच्या नळ्या मात्र इथलं ऊन खाऊन टाकतं. माझा सल्ला असा, की दोन गाड्यांमध्ये निवड करायची वेळ आली तर इंजिन बंद पण पत्रा खणखणीत असलेली घ्या. इंजिन बांधून मिळतं. सडलेली फ्लोअर आणि दाराखालच्या पट्ट्या नव्याने घडवायला त्याच्या कितीतरी पट पैसा आणि वेळ जातो.

बघायला जाताना एक लहान लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून न्या. मडगार्डचा खालचा भाग, दाराची खालची कड, हेडलाइटभोवतीचा पत्रा, डिकीची फ्लोअर अशा ठिकाणी ते टेकवत जा. चिकटत नाही तिथे खाली पत्रा नाही, पुट्टी आहे. रंगाच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजणारं यंत्र कुणाकडून मिळालं तर फारच छान: कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, ५०० च्या पुढे आकडा गेला की तिथे कुणीतरी खड्डा भरून काढला आहे असं समजा. गालिचा उचला. खालून सळई टेकवा. विकणारा नाराज झाला तर होऊ द्या.

कागदपत्रं

गाडी आवडली तरी बयाणा देण्याआधी आरसी पुस्तक हातात घ्या आणि चेसिस नंबर, इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. नंबरवर रंग किंवा ग्रीस असेल तर केरोसीनमध्ये बुडवलेल्या कापडाने पुसा. ग्राइंडर किंवा खरबरीत पॉलिश पेपर त्या जागेवर कधीही चालवू नका. ठोकलेले आकडे पुसट झाले की पुढे शंका कायमची चिकटते.

नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या कागदांत एक गंमत सापडते, आणि ती जपण्यासारखी आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्यानंतर आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १९६० ला महाराष्ट्रात आलो. १९५५ ची गाडी एकाच घरात राहिली असली तरी तिच्या कागदांवर तीन राज्यांची नावं असू शकतात. जुनी टॅक्सची पावती, विम्याचा पिवळा कागद, शोरूमचं बिल, मालकाच्या आजोबांनी लिहिलेली सर्व्हिसची वही, यातलं काहीही मिळालं तरी मागून घ्या. गाडी आली त्या दिवशी कोणत्या रंगाची होती, टायर कोणते होते, रेडिओ बसवलेला होता का, याचा पुरावा तिथेच मिळतो.

आता कायदा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी या वर्गात नोंदवता येते, पण अट अशी की चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. अर्ज नमुना २० मध्ये. नवीन नोंदणीसाठी फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. आणि तो ठेवाच, जुनी पाटी हा गाडीचाच भाग आहे. मात्र या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यापुरतीच ती रस्त्यावर काढायची.

याचा व्यवहारात अर्थ काय, ते नीट समजून घ्या. आपल्याकडे हजारो अँबेसेडर आणि फियाटमध्ये पेट्रोल परवडत नाही म्हणून मागे कधीतरी डिझेल इंजिन टाकलं गेलं. अशी गाडी स्वस्तात मिळते, पण मूळ इंजिन सापडून परत बसेपर्यंत आणि आरसीवर त्याची नोंद होईपर्यंत ती व्हिंटेजच्या व्याख्येत बसणं अवघड. १९८५ ची पद्मिनी असेल तर हा प्रश्नच नाही. ती अजून साधी जुनी गाडी आहे. तिची नोंदणी दर पाच वर्षांनी नमुना २५ भरून, गाडी तपासणीला नेऊन आणि पर्यावरण कर भरून वाढवायची. एमएच-३१, एमएच-४० की एमएच-४९, गाडी ज्या कार्यालयाच्या हद्दीत नोंदली आहे तिथेच चौकशी करा आणि फीचे चालू दर तिथूनच घ्या.

जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाची व्याख्या जरा वेगळी आहे: किमान ३० वर्षं जुनं आणि मूळ स्वरूपात राखलेलं वाहन. म्हणजे वय त्यांनी कमी धरलं, पण मूळपणाची अट तीच.

उघडण्याआधी

हात लावण्यापूर्वी फोटो. बाहेरून दहा-वीस फोटो काढले म्हणजे झालं असं नाही. प्रत्येक क्लिप कुठल्या बाजूला वळलेली आहे, वायरिंगचा गठ्ठा कुठल्या भोकातून गेला आहे, कुठल्या नटाखाली वायसर आहे आणि कुठे नाही, दाराच्या पॅडिंगमागे कोणता कागद चिकटवला आहे, हे सगळं. पट्टी किंवा टेप शेजारी ठेवून फोटो काढला तर मापही कळतं. मग प्रत्येक भागाला एक पिशवी, पिशवीत चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिलीने नाव. शाईचं पेन वापरू नका, तेल लागलं की अक्षर पुसतं.

इथे मिस्त्रीशी बोलणं लागतं. तो म्हणणार, "भाऊ, हे सडकं कशाले ठेवता? नवीन लावून देतो ना." त्याचा हेतू वाईट नसतो; त्याच्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णव लोकांना संध्याकाळपर्यंत गाडी चालू हवी असते. म्हणून कामाच्या आधीच सांगून ठेवा: "उस्ताद, नवीन लावा, पण जुनं माझ्या पेटीत टाका." आणि खरोखरच एक लोखंडी पेटी गॅरेजमध्ये नेऊन ठेवा. तुटकी दिव्याची रिंग, झिजलेलं ब्रेक सिलिंडर, फुटलेल्या मीटरची तबकडी, सगळं तिच्यात. उद्या नवा भाग बनवून घ्यायचा झाला तर नमुना लागतो. बाजारातला 'ओरिजिनलच आहे साहेब' म्हणून दिलेला भाग खरा की नकली, हेही त्याच्या शेजारी ठेवूनच कळतं.

मूळ रंग शोधणं ही या कामातली मला सगळ्यात आवडती गोष्ट आहे. त्यासाठी अशी जागा निवडा जिथे पेंटर पोचलेला नसतो: डॅशबोर्डच्या मागची बाजू, दाराच्या बिजागरीखाली, स्पेअर व्हीलच्या खळग्यात, हेडलाइटच्या वाटीमागे. १००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर भिजवून बोटाच्या टोकाने रुपयाएवढ्या जागेवर गोल गोल घासा. घाई करू नका, पाणी लावत राहा. हळूहळू एकात एक कडी उमटू लागतात: वर आजचा पांढरा, खाली कुणीतरी मारलेला मरून, त्याखाली पुट्टीचा करडा, मग एक पातळ फिकट हिरवी कडी, तिच्याखाली प्रायमर आणि शेवटी पत्रा. प्रायमरच्या लगेच वर असलेली ती हिरवी कडी म्हणजे कारखान्याचा रंग. ती जागा उन्हात धरून फोटो काढा. रंग मिसळून घेताना मात्र फोटो न नेता तो भागच दुकानात न्या. फोनच्या पडद्यावर हिरवा कधीच तसा दिसत नाही. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून हे घासकाम ओलंच करायचं आणि धूळ श्वासात जाऊ द्यायची नाही.

आधी थांबणं, मग चालणं

कामाचा क्रम असा ठेवा: ब्रेक, पेट्रोलची व्यवस्था, थंड करण्याची व्यवस्था, वीज, इंजिन, आणि त्यानंतर पत्रा.

ब्रेकच्या रबरी नळ्या (हॉज) आणि सिलिंडरमधली वॉशरं वरून कितीही बरी दिसली तरी बदला. इथे जुन्याचा हट्ट नको, हा जिवाचा प्रश्न आहे. पण सिलिंडरचं ओतीव शरीर मूळ ठेवता येतं: आतला झिजलेला भाग बोअर करून (कातून) त्यात स्टेनलेस स्टीलची किंवा पितळी स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, बसवून घ्या. बाहेरून कंपनीचं नाव कायम, आतून नवं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवायची सवय सगळ्या गॅरेजात आहे. तुमच्या गाडीवर ते करू देऊ नका, ओल्या कापडाने पुसून घ्या.

पेट्रोलची टाकी उतरवा, रिकामी करा, आतला गंज पाहा. टाकीला भोक असेल तर नीट न धुता, वाफ पूर्ण न काढता तिच्यावर वेल्डिंग करणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. हे काम फक्त टाक्यांचंच काम करणाऱ्याकडे द्या. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कॉर्कची गास्केटं मऊ करतं, शिवाय पाणी धरून ठेवतं. नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या घ्या. जुन्या वळणाच्या क्लिपा वापरल्या की बाहेरून फरक दिसत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मग बंद करा.

शिशाचं पेट्रोल देशभरात फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. त्याआधीच्या अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह थेट ओतीव लोखंडाच्या हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, बसतात, आणि शिसं त्या जागेचं रक्षण करायचं. हेड उतरवायची वेळ आली की त्यात कडक सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकण्याची कडी, बसवून घ्या. दिसत काही नाही, आयुष्य वाढतं.

वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन धक्का मारून चालू करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं तेल सोडा, चार-सहा दिवस मुरू द्या, मग पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून हाताने हळू फिरवा. फिरलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा: सगळे प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असले तर इंजिन उघडायची घाई नको. एखादा फारच खाली असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांत, तसाच राहिला तर व्हॉल्व्हमध्ये. बोअर करणं, क्रँक घासणं ही कामं लेथवाला माप दाखवून करून देतो. त्याला एवढंच बजावा की ब्लॉकवरच्या नंबरच्या जागेला हत्यार लागता कामा नये.

तेल २०डब्ल्यू-५० मिनरल. नव्या गाड्यांची पातळ सिंथेटिक तेलं या इंजिनांसाठी बनलेलीच नाहीत.

आता नागपूरचा खरा प्रश्न, उष्णता. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा वर्धा रोडच्या सिग्नलवर उभी असलेली जुनी गाडी दोन कारणांनी बंद पडते. एक, इंजिन तापतं. त्यावर आपल्याकडचा सर्रास इलाज म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन पुरतं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकणं. हा इलाज मला मुळीच मान्य नाही. थर्मोस्टॅट नसलं की इंजिन हिवाळ्यात कधी पुरतं तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, सिलिंडर लवकर झिजतात. तापण्याचं कारण बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये आणि ब्लॉकच्या पोटात साचलेल्या गाळात असतं. रेडिएटर उतरवून साफ करून घ्या. जाळी गेलीच असेल तर तांबं-पितळेची नवी जाळी घाला आणि वरची टाकी, जिच्यावर कंपनीचा ठसा असतो, तीच पुन्हा लावून घ्या. नळाच्या खाऱ्या पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. दुसरं कारण, पेट्रोल पंप आणि नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि कार्ब्युरेटरपर्यंत थेंब पोचत नाही. तेव्हा पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं थांबलं की गाडी चालू होते. हे वारंवार होत असेल तर आधी पाहा की कार्ब्युरेटरखालचा जाड बेकलाइटचा तुकडा आणि उष्णता अडवणारा पत्रा जागेवर आहे का. कुणीतरी पूर्वी तो 'नको' म्हणून काढलेला असतो. कारखान्याने दिलेली वस्तू परत बसवली की निम्मी तक्रार जाते.

वायरी आणि नट

ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत लुकास कंपनीच्या रंगांची शिस्त असते आणि ती शिकायला एक संध्याकाळ पुरते. तपकिरी म्हणजे बॅटरीची थेट लाइन, पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर चालू होणारी, हिरवी म्हणजे त्याच लाइनची फ्यूजनंतरची शाखा, लाल म्हणजे पार्किंग आणि मागचे दिवे, निळी हेडलाइटची, काळी अर्थिंगची. नवीन हार्नेस, म्हणजे वायरींचा बांधलेला गठ्ठा, करून घेताना याच रंगात आणि शक्य तर कापडी वेष्टणात करून घ्या. सगळं एकाच लाल-काळ्या वायरीत गुंडाळून देणारा इलेक्ट्रिशियन तुमचा पुढचा प्रत्येक दोष शोधणं अवघड करून ठेवतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची अधिक बाजू बॉडीला जोडलेली असू शकते. केबल लावण्याआधी हे तपासा.

डायनॅमो, म्हणजे जुन्या गाडीतलं बॅटरी चार्ज करणारं यंत्र, काढून त्याजागी नव्या गाड्यांतला अल्टरनेटर लावायचा मोह होईल. लावू नका. डायनॅमो सिग्नलवर मंद इंजिनात चार्ज देत नाही, हे खरं. पण रविवारी सकाळी फुटाळ्यापर्यंत फेरी मारायला त्याने काही अडत नाही. बॅटरी घरच्या छोट्या चार्जरवर ठेवा.

नटांचं गणित नवख्यांना कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. फियाट मेट्रिक मापाची, अँबेसेडर इंची. अँबेसेडरवर अर्धा इंची डोक्याचा बोल्ट असेल तर त्याचं माप १२.७ मिलिमीटर. गॅरेजात हाताशी असतो १३ चा पाना. तो बसतो, थोडासा हलतो, जोर लावला की कोपरे घासतो, आणि तिसऱ्या वेळी डोकं गोल होतं. मग छिन्नी येते. याहून वाईट प्रकार आट्यांचा. ५/१६ इंची बोल्टची जाडी ७.९४ मिलिमीटर, ८ च्या बोल्टच्या इतकी जवळ की डोळ्याला फरक कळत नाही. पण इंची बारीक आट्यांत एका इंचात २४ आटे असतात, ८ च्या साध्या बोल्टमध्ये सुमारे २०. दोन फेरे सहज जातो, मग अडतो, मग कुणीतरी ताकद लावतो आणि ब्लॉकमधले आटे गेले. म्हणून इंची पान्यांचा एक संच स्वतःचा घ्या आणि बोल्ट हरवला तर जुना नमुना खिशात घालून इतवारीत लोहाओळीला चक्कर मारा. नमुना हातात असला की दुकानदाराला समजावून सांगावं लागत नाही. जुने बोल्ट शक्यतो तेच साफ करून वापरा. अनेकांच्या डोक्यावर बनवणाऱ्याची अक्षरं ठोकलेली असतात, आणि जाणकार परीक्षक बॉनेट उघडल्यावर आधी तीच वाचतो.

पत्रा आणि रंग

डेंटर निवडताना त्याची चमक पाहू नका, त्याचं उघडं काम पाहा. प्रायमरच्या आधीचा पत्रा दाखवायला जो तयार असतो तो चांगला. सडलेला तुकडा कापून तेवढ्याच मापाचा नवा जोडायचा. अख्खं मडगार्ड बाजारू घ्यायचं नाही, कारण बाजारू मडगार्डची कड मूळच्या वळणावर बसत नाही आणि दार-बॉनेटच्या फटी बिघडतात. हातोडा आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) पत्रा जितका सरळ होईल तितका करा, पुट्टी केवळ शेवटच्या केसभर उंचसखलतेसाठी. वेल्डिंग झालं की दाराच्या आत, दाराखालच्या पट्टीच्या पोटात मेणासारखं गंजरोधक सोडायला विसरू नका. पाणी बाहेर जाण्याची खालची बारीक भोकं पुट्टीने बुजली नाहीत ना, हे तारेने तपासा.

रंगासाठी नागपुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. मे महिन्यात थिनर हवेतच उडून जातो, रंग पत्र्यावर पोचेपर्यंत कोरडा होतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या पद्धतीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, ज्याला पेंटर अजून 'ड्यूको' म्हणतात, मारला तर हवेतल्या ओलाव्याने त्यावर पांढुरकी साय धरते. आजचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकाऊ आहे यात शंका नाही, पण त्याची ओली काचेसारखी चमक साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीवर खोटी दिसते. पीयूच वापरायचा असेल तर चमक थोडी उतरवून घ्या. मेटॅलिक छटा आणि काळ्या पट्ट्या नकोतच. कारखान्याने ज्या गोष्टी रंगवल्या नव्हत्या, म्हणजे पितळी पट्ट्या, रबरी बुश, काचांची बीडिंग, त्या रंगाखाली जाऊ देऊ नका. पेंटरचा मुलगा घाईत मास्किंग टेप लावायचा विसरतो.

आणि रंग मूळचाच असेल, जरा फिका, दाराच्या हँडलखाली हाताने घासून प्रायमर दिसू लागलेला, तरी पत्रा शाबूत असेल तर तो ठेवा. बारीक पॉलिश आणि मेण पुरे. अशी गाडी पुन्हा रंगवलेल्या दहा गाड्यांपेक्षा मोलाची आहे असं मी मनापासून मानतो.

क्रोमचं काम करणाऱ्याला तांबं, मग निकेल, मग क्रोम असे तिन्ही थर द्यायला सांगा. दाराची हँडलं आणि मोनोग्राम बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. ते ॲसिडच्या हौदात जास्त वेळ राहिले तर विरतात. ते वेगळे बांधून द्या आणि तसं सांगून द्या.

आतला भाग

सीट उसवताना कापड फाडू द्यायचं नाही. शिवणीवरून उसवून प्रत्येक तुकडा नमुना म्हणून ठेवायचा. पाइपिंगची जाडी, टाक्यांतलं अंतर, रेक्झिनच्या दाण्याचं टेक्श्चर हे त्यावरूनच जुळतं. सीटच्या फटीखाली, जिथे ऊन पोचलेलं नाही, तिथे मूळ रंग ताजा सापडतो. काचांच्या कोपऱ्यातली कंपनीची खूण बघा. चार काचांवर एकच खूण आणि पाचवीवर वेगळी, तर ती काच कधीतरी बदललेली आहे. मीटरच्या तबकडीवरची अक्षरं कोणत्याही द्रवाने पुसू नका, मऊ ब्रशने धूळ झाडा, एवढंच.

टायर अँबेसेडरला ५.९०-१५, पद्मिनीला ५.२०-१४ हे मूळ माप. जुन्या साठ्यातले कोरे टायर कुणी देऊ केले तर बाजूवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी कोरी असली तरी दहा वर्षांपूर्वीचं रबर नागपूरच्या उन्हात विश्वासाचं राहत नाही.

वर्षभराची निगा

दर आठवड्याला गाडी निदान वीस मिनिटं रस्त्यावर चालवा. दारात उभी ठेवून इंजिन चालू-बंद केल्याने फायदा कमी, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. पुढच्या चाकांच्या सांध्यांत ग्रीस निपल असतात. साधारण दीड हजार किलोमीटरला, किंवा गाडी कमी चालत असेल तर तीन-चार महिन्यांनी, हाताच्या ग्रीस गनने जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. पॉइंटमधलं, म्हणजे ठिणगीचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांमधलं, अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर, पक्का आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात पाहा आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावा.

उन्हाळ्यात गाडी सावलीत हवी, पण घरचा कूलर जिथे ओला वारा फेकतो त्या बोळात किंवा खिडकीखाली ती कधीही ठेवू नका. विदर्भातल्या गाड्यांना भर मेमध्ये गंज चढतो तो अशानेच. डॅशबोर्डवर सुती कापड टाका, खिडक्या बोटभर उघड्या ठेवा. दाराच्या रबरांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या.

जूनच्या पहिल्या सरींआधी वायपरची रबरं, छताच्या कडेची पन्हळ आणि फ्लोअरची भोकं साफ करा. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आतला ओलावा बाहेर पडत नाही. शेडखाली सुती कव्हर बरं. गाडी भिजून आली तर त्याच दिवशी गालिचे काढून वाळवा. उंदीर वायरीच्या कापडी वेष्टणावर तुटून पडतात, तेव्हा बॉनेट आठवड्यातून दोनदा उघडून पाहा आणि गाडीत खाण्याचा कण राहू देऊ नका. गाडीत अग्निशामक नळकांडं कायम ठेवा, ड्रायव्हरच्या हाताच्या अंतरावर.

विमा काढताना गाडीची ठरावीक किंमत आधीच मान्य करून घेता येते का ते विचारा. त्यासाठी कंपनी मूल्यांकन आणि फोटो मागते, आणि तिथे उघडण्याआधीचे फोटो, लेथवाल्याची बिलं, रंगाच्या कड्यांचा तो फोटो, सगळं कामाला येतं. एक जाड वही करा. तारीख, किलोमीटर, काय काढलं, काय लावलं, जुनं कोणत्या पिशवीत आहे. पुढे कधी गाडी मुलांच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची झाली तर ती वही आणि ती लोखंडी पेटी दोन्ही गाडीसोबतच द्या.